दीड इंच

खोत गुरुजींनी फूटपट्टीची कड मारून मारून
ज्याला लिहिणं विसरायला लावलं,
प्रसादाला पुढे झाला की आई
ज्याच्यावर हळूच चापट द्यायची,
त्या माझ्या डाव्या हाताला
हक्काचं असं एकच काम मिळालं होतं :
गाडीचा गियर टाकणं.

तेही आता जमेना.
अंगठ्याच्या मुळाशी गंज धरलाय.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा
इतकं लांबचं वळण घेतो
की वाटेत कुणाकडे चहा घेऊन यावं.

स्पिटफायर, चौऱ्याहत्तरची,
पिकल्या गऱ्यासारखी पिवळी.
बेडवर्थची आमची गल्ली
तिला आवाजावरून ओळखते.
कुमुद म्हणते, विका. ऑटोमॅटिक घ्या.
त्या हाताला पेन्शन द्या एकदाची.

मी गेलो पार्जिटरकडे.
डेझ्मंड पार्जिटर. कॅन्लीच्या कारखान्यात
शेजारच्या लेथवर बारा वर्षं,
गेटला कुलूप लागेपर्यंत.
मला हनी म्हणतो,
हणमंत त्याच्या तोंडात मावत नाही.
माझा अंगठा त्यानं उलटसुलट पाहिला,
जसा पूर्वी घासलेला टूल पाहायचा, आणि म्हणाला,
याला स्पेअर मिळत नाही. दांड्याचं बघू.

मूठ फिरवून काढली,
रबराचा घागरा वर सरकवला,
खालचं झाकण दाबून किंचित वळवलं
आणि दांडा हातात आला :
आतून पोकळ, पोटात ओव्हरड्राइव्हची तार,
बुडाला नायलॉनचा बुश,
झिजून अर्ध्या चिंचोक्याएवढा.

तार आधी ओढून घेतली.
दीड इंच. मी मोजलं, त्यानं मोजलं,
मग दोघांनी चष्मे पुसून पुन्हा मोजलं.
मग करवत.

नव्यानं आटे पाडायचे.
अर्धा फेरा पुढे, पाव मागे,
तेलाचा थेंब, फुंकर.
तरुणपणी दिवसाला दोनशे पाडायचो,
तेव्हा याला आटापिटा म्हणत नव्हतो.

मग ज्योत लावली.
भट्टीतल्या विटेसारखा दांडा लाल झाल्यावर
माझ्या बाजूला पंधरा अंश वाकवायचा होता.
पार्जिटर म्हणाला, बास.
मी ऐकलं, पण हातानं नाही.
वीस-बावीस झाले असतील.

बसवला.
पहिला पडला.
दुसरा पडला, मांडीला घासून.
तिसऱ्याला नुसतं मनगट वळलं,
अंगठ्याला पत्तासुद्धा लागला नाही.
डाव्या हाताचा मळ म्हणतात तो हाच.
इंजिन बंद ठेवून मी
सहा वेळा तिसरा टाकला.

रिव्हर्स मात्र पडेना.
त्या कोपऱ्यात पोचायच्या आधीच दांडा
सीटला टेकतो.
सीट दोन खाचा मागे नेली,
तर पाय क्लचला पुरेना.

तरी संध्याकाळी फिलाँगलीच्या रस्त्याला लागलो,
हूड उघडं, दोघांच्या टोप्या दोघांच्या मांडीवर.
तिसरा, चौथा, ओव्हरड्राइव्ह,
वळणाआधी परत तिसरा,
गरज नसताना आणखी एकदा तिसरा.
पबपाशी आलो आणि सवयीनं
नाक भिंतीला लावून गाडी उभी केली.

बाहेर पडताना मग
अठ्ठ्याहत्तर आणि एक्क्याऐंशीचे दोन फिटर
बॉनेटला खांदा देऊन तिला मागे ढकलताहेत,
खिडकीतून पोरं ग्लास उंचावताहेत.
पार्जिटर धापा टाकत म्हणाला,
उद्या परत तापवू, हनी. सहा अंश सोडू.

सोडू, म्हटलं.
त्याला आता पाच आठवडे झाले.
कापलेला तुकडा कोटाच्या खिशात आहे,
जुन्या आट्यांसकट, अजून तेलकट.
गाडी मी चढावर लावतो हल्ली,
नाक वर करून.
निघताना हँडब्रेक सोडला
की ती आपली आपण मागे येते.